रत्नागिरीतला ‘प्रीमियम’ फ्लॅट भाड्याने घ्यावा का? मे महिन्याचं पाणी आणि जुलैची भिंत

कुटुंब चौघांचं. नवरा बँकेत, कोल्हापूरहून रत्नागिरीला बदली झालेला. बायको घरून काम करते, मुलगी सातवीत जाणार, आणि सोबत आई, वय ६८, गुडघे दुखणारे. सगळं धरून महिन्याला २०,००० पर्यंत झेपेल. घर जूनच्या आत हवं, आणि शोध सुरू झाला फेब्रुवारीच्या शेवटी. प्रकरण एका कुटुंबाचं म्हणून मांडलं असलं तरी अशा शोधांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ते उभं केलं आहे. त्यामुळे यातली भाडी आणि वर्गण्या हिशेब समजण्यापुरत्याच घ्याव्यात, बाजारभाव म्हणून नव्हे.

पहिला पर्याय कुवारबाव–मिरजोळे पट्ट्यातलं, महामार्गापासून थोडं आत असलेलं तीन विंगांचं सात मजली संकुल. ५६ फ्लॅट, पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस, जिम, दोन लिफ्ट, ‘१०० टक्के पॉवर बॅकअप’, ‘२४ तास पाणी’. दाखवलेला फ्लॅट बी विंगमधला, पाचव्या मजल्यावरचा, पश्चिमेला तोंड. लांबवर समुद्राची रेघ दिसते आणि एजंट आधी तीच दाखवतो. भाडं १८,०००, मेंटेनन्स ३,०००, डिपॉझिट ६०,०००.

दुसरा पर्याय नाचणे भागातल्या जुन्या चार मजली इमारतीत. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आवारात विहीर. भाडं ११,०००, मेंटेनन्स ६००. तळमजल्याचं एक स्वतंत्र घरही पाहिलं होतं. पण त्याचं जोतं रस्त्यापेक्षा खाली होतं. पहिल्या मोठ्या पावसात रस्त्याचं पाणी कुठे जाणार हे उंबऱ्यावर उभं राहिलं की कळत होतं, म्हणून त्यावर कुणी वेळ घालवला नाही.

म्हणजे प्रश्न महिन्याला ९,४०० रुपयांचा, वर्षाला १,१२,८०० चा. एवढे पैसे जास्त मोजून या कुटुंबाच्या हाती नेमकं काय पडतं?

आधी जाहिरातीतली हवा काढायची

जाहिरातीत १,०५० चौरस फूट लिहिलं होतं. टेपने मोजल्यावर चटई क्षेत्र, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, भरलं ७१२. बाकीचं जिना, लॉबी आणि भिंती यांच्या वाट्याचं. भाड्याची तुलना नेहमी चटईवर करायची. इथे चौरस फुटाला २५ रुपये पडतात, जुन्या इमारतीत ६५० फुटांना १७.

तलाव जून ते सप्टेंबर पावसामुळे बंद, एप्रिल-मेमध्ये पाणी नाही म्हणून बंद. उरतात ऑक्टोबर ते मार्च, आणि त्यातही या घरातलं पोहणारं माणूस एकच, तेही शाळा आणि क्लासमधून मोकळं झालं तर. क्लब हाऊसला कुलूप होतं. जिममधल्या ट्रेडमिलचे नटबोल्ट गंजून लाल झालेले. या तिन्हींची किंमत शून्य धरली. संकुल वाईट म्हणून नव्हे, या कुटुंबाला त्यांचा उपयोग नाही म्हणून. हीच चाळणी उरलेल्या प्रत्येक सोयीला लावायची: ती खरंच चालते का, आणि चालत असली तर आपण तिच्यासाठी वेगळे पैसे मोजले असते का.

पाणी

कोकणात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर लागतो, यात नवल काही नाही. इथला जांभा दगड सच्छिद्र, उतार समुद्राकडे. पडलेलं पाणी थांबत नाही. म्हणून ‘२४ तास पाणी’ म्हणजे कोणत्या महिन्यातले २४ तास, हा पहिला प्रश्न.

संकुलाच्या पाण्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. माणशी रोज १३५ लिटर हे नियोजनात धरलं जाणारं प्रमाण आहे. फेब्रुवारीत ५६ पैकी ३१ फ्लॅटमध्ये माणसं राहत होती. घरटी तीन धरली तर ३१ × ३ × १३५, म्हणजे सुमारे साडेबारा हजार लिटर. दोन बोअर आणि ग्रामपंचायतीचा एक दिवसाआड येणारा नळ यांवर हे आरामात भागतं. त्यामुळे फेब्रुवारीत नळ सोडून पाहिला तर तो धो-धो वाहणारच.

आता मे. उरलेले बरेचसे फ्लॅट मुंबई-पुण्याच्या लोकांचे. सुट्टी लागली की चाकरमानी येतात, सोबत भाचे-पुतणे येतात. ५० फ्लॅट आणि घरटी पाच माणसं धरली तर रोज ३३,७५० लिटर. नेमक्या त्याच वेळी बोअर आटून जेमतेम ८,००० लिटर देतात आणि नळाचं सरासरी ६,००० धरता येतं. तूट जवळपास २०,००० लिटरची, म्हणजे दहा हजारी टँकर रोज दोन. मागणी दुप्पट-तिप्पट होण्याचा आणि पाणी सगळ्यात कमी असण्याचा महिना एकच. नव्या संकुलांत भाड्याने येणारे लोक हिवाळ्यात घर पाहून इथेच फसतात. गणपतीतही गर्दी होते, पण तेव्हा पाणी मुबलक असतं. अडचण होते ती पार्किंगची.

साठा किती, असं विचारल्यावर उत्तर आलं, एक लाख लिटर. पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: त्यात आग विझवण्याची टाकी धरली आहे का? धरली होती, निम्मी. ते पाणी रोजच्या वापराचं नाही. राहिले ५०,०००, म्हणजे मेमध्ये दीड दिवसाचा साठा. टँकर सलग आले नाहीत तर बोअर आणि नळाची भर धरूनही तिसऱ्या दिवशी नळ कोरडे.

हे सगळं एजंट सांगणार नाही. खरी माहिती नोटीस बोर्डावर होती. मागच्या एप्रिलची ‘टँकर वर्गणी, प्रति फ्लॅट १,६०० रुपये, एप्रिल व मे’ अशी नोटीस टाचणीखाली तशीच राहिली होती. म्हणजे मेंटेनन्सच्या ३,००० मध्ये टँकर नाही. बोर्ड कोरा असेल तर वॉचमन, पंप सोडणारा माणूस आणि झाडलोट करणाऱ्या मावशी यांना विचारावं, तेही ‘पाण्याचा त्रास आहे का’ असं नाही. त्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळतं. ‘मेमध्ये पाणी किती वाजता सोडतात आणि किती वाजता बंद करतात?’ असं विचारलं की वेळा सांगितल्या जातात. इथे सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ अशा मिळाल्या. चालण्यासारखं आहे, पण २४ तास नव्हे.

पाण्याचा दर्जा पाहायला खिशात मावणारा टीडीएस मीटर पुरतो. स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी ३१० आलं, नुसत्या बोअरचं ६४०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे नळाचं पाणी बंद पडून सगळा भार बोअरवर आला की चव बदलणार, गिझरच्या कॉइलवर थर बसणार. मात्र हा मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. टँकरच्या पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे त्याला कळत नाही, म्हणून मेमध्ये उकळणं किंवा चांगला प्युरिफायर याला सुट्टी नाही.

जुलैची भिंत फेब्रुवारीत वाचायची

पाऊस आणि वारा इथे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतात. झड सरळ पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर बसते. समुद्र दिसणारा फ्लॅट म्हणजे झड खाणारा फ्लॅट, आणि जितका वरचा मजला तितका वाऱ्याला आडोसा कमी.

बी विंगच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या बेडरूमची एकच भिंत नव्याने रंगवलेली होती. बाकी घराचा रंग जुना, तिचा ताजा. घरमालक सगळं घर न रंगवता एकच भिंत रंगवतो तेव्हा तिथे काहीतरी झाकलेलं असतं. खालच्या स्कर्टिंगजवळ नखाने हलकेच खरवडल्यावर रंगाचा पापुद्रा निघाला आणि आत पांढरी भुकटी, लोणा. भिंतीतलं पाणी सुकताना क्षार बाहेर येतात, त्याची ती खूण. मग त्याच भिंतीला लागून असलेल्या कपाटाची मागची प्लाय पाहिली. तळाशी चार बोटं फुगलेली, आणि वास कोंदट. हे एका पावसाळ्याचं काम नव्हतं.

खिडकीची परीक्षा एका मग पाण्याची. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत, म्हणजे ट्रॅकमध्ये, मगभर पाणी ओतायचं. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात. ती मोकळी असतील तर पाणी मिनिटभरात बाहेर जातं. इथे ते ट्रॅकमध्ये साचून राहिलं आणि कोपऱ्यातून आतल्या कट्ट्यावर उतरू लागलं. भोकं सिमेंट आणि धुळीने बुजलेली. ती टोकरून मोकळी करता येतात, दहा मिनिटांचं काम. पण बाहेरचा कट्टा आतल्या बाजूला उतरता असेल तर त्यावर भाडेकरूच्या हातात उपाय नाही. तो इथे आतल्याच बाजूला उतरता होता.

जुन्या इमारतीत लोक अशा खिडकीवर पत्रा टाकतात, बाल्कनीला पावसाळ्यापुरतं ताडपत्रीचं आवरण लावतात आणि विषय संपवतात. प्रीमियम संकुलात इमारतीचं रूप बिघडतं म्हणून नेमकं हेच करू देत नाहीत. नियमपत्रकात तसं छापलं होतं: बाहेरून पत्रा, प्लास्टिक, कपड्यांची दोरी, काहीही नाही. म्हणजे झड आत येणार, ती अडवायची बंदी, आणि चार महिने कपडे घरातच वाळवायचे. समुद्राच्या त्या रेघेसाठी हे परवडणारं नाही, आणि बी विंगचा फ्लॅट इथेच बाद झाला.

संकुल मात्र बाद झालं नाही. एकाच आवारात दिशा आणि मजला बदलला की घर बदलतं. ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ईशान्येला तोंड असलेला, ६९० फूट चटईचा फ्लॅट सात महिने रिकामा होता. पश्चिमेला त्याची बाहेरची भिंत नाही, तिकडे लॉबी आणि लिफ्ट. वर पाच मजले, त्यामुळे गच्चीच्या गळतीचा प्रश्न नाही. बंद घराला कोकणात येते तेवढी बुरशी बाथरूमच्या दारामागे होती, पण भिंती कोरड्या. खिडकीच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतल्यावर ते सरळ बाहेर गेलं. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूमखालचं छत टॉर्च लावून पाहिलं, डाग नव्हता. आईला पूर्वेचं कोवळं ऊनही मिळणार होतं, पण तो वरचा नफा.

हाच शोध चिपळूणला चालला असता तर क्रम वेगळा लागला असता. तिथे पहिला प्रश्न, २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी या इमारतीत कुठपर्यंत चढलं होतं. बाकी सगळं त्यानंतर.

वीज, लिफ्ट, रस्ता

‘१०० टक्के पॉवर बॅकअप’ कशाला, हे फ्लॅटमधल्या वीजपेटीत दिसतं. जनरेटरची वेगळी लाइन घरात आली असेल तर पेटीत तिचा वेगळा एमसीबी (खटका) किंवा लाइन बदलणारा चेंजओव्हर स्विच असतो. इथे काही नव्हतं. म्हणजे जनरेटर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. मग तो चालतो तरी का? त्यासाठी डिझेलची नोंदवही दाखवा म्हणायचं. वही होती आणि मागच्या जुलैच्या नोंदी भरलेल्या होत्या, ही जमेची बाजू. इमारत जुनी असती तर मे २०२१ च्या तौक्ते वादळात किती दिवस वीज नव्हती आणि तेव्हा पंप कशावर चालवला, हे विचारता आलं असतं. त्या उत्तरातून व्यवस्था कळते.

घरातल्या विजेसाठी इन्व्हर्टर दोन्ही पर्यायांत लागणारच होता, त्यामुळे तुलनेत तो कुणाच्याच खात्यात धरला नाही. १५० अँपिअर-अवरची एक १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास, हाती साधारण १,२५०. तीन साधे पंखे २२५ वॉट, लॅपटॉप ६०, राउटर १५, चार दिवे ४०. एकूण ३४०, म्हणजे साडेतीन ते पावणेचार तास. बायकोच्या कामाला तेवढं कमी पडेल. पंखे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे घेतले तर तिघांचे मिळून ९० वॉट होतात आणि वेळ सहा तासांवर जाते. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा पंखे बदलणं स्वस्त पडतं. भाड्याच्या घरातून ते काढूनही नेता येतात.

लिफ्टबाबत तीन गोष्टी पाहिल्या: देखभाल कराराची तारीख, वीज गेली की लिफ्ट आपोआप जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का, आणि पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी येतं का. खड्ड्यात पाणी शिरलं की लिफ्ट दोन-चार दिवस बंद राहते, आणि ज्या आईसाठी सगळा खटाटोप ती तेवढे दिवस घरात अडकते. खड्ड्याला पाणी उपसायचा छोटा पंप बसवलेला होता. शिवाय निवडलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, अडीनडीला सावकाश का होईना चढता येईल असा. मजला खालचा घेण्यामागे हाही हिशेब होता.

जायचं-यायचं अंतर शहरातल्या जयस्तंभापर्यंत एकेरी सातेक किलोमीटर, नाचण्याहून तीन. महिन्याच्या २५ दिवसांत फरक २०० किलोमीटरचा, स्कूटरला चार-साडेचार लिटर पेट्रोल. खर्च फार नाही, पण मिऱ्या–नागपूर महामार्गाचा तुकडा रोज ओलांडायचा आहे. मुलीच्या क्लासची वेळ संध्याकाळी सातची असेल तर परतीला एसटीची शहर बस आहे का, नसेल तर रिक्षावाला तिथवर यायला राजी होतो का, हे त्या वेळी प्रत्यक्ष उभं राहून पाहावं लागतं. रविवारी दुपारी घर पाहून यातलं काही कळत नाही.

भाव

ए विंगच्या फ्लॅटची मागणी १६,५०० अधिक मेंटेनन्स ३,००० अशी होती. मालक पुण्याला. घासाघीस करताना संकुलाचे दोष सांगत बसण्यात अर्थ नव्हता. रिकाम्या घराचा हिशेब पुरला. घर रिकामं असलं तरी मेंटेनन्स मालकालाच भरावा लागतो, वर बुरशी. सात महिन्यांत त्याचे बुडालेलं भाडं आणि भरलेला मेंटेनन्स मिळून १,३६,५०० गेले होते. जूननंतर घर शोधणारे कमी होतात आणि पुढचा पावसाळाही घर बंद राहील, हे त्यालाही ठाऊक होतं. ठरले १८,०००, मेंटेनन्ससकट, डिपॉझिट ५०,०००. मेंटेनन्स मालकाने थेट भरायचा, कारण मालकाची थकबाकी राहिली की त्रास भाडेकरूला होतो. टँकर वर्गणी महिन्याला १,००० पर्यंत भाडेकरूची, त्यावरची मालकाची.

आता जुन्या इमारतीशी फरक उरला ६,४००, पेट्रोल धरून सात हजारांच्या आत. त्या बदल्यात मिळतं काय? लिफ्ट, गाडीला छपराखालची जागा, रात्रीचा वॉचमन, आणि मेमध्ये टँकर मागवायची डोकेदुखी दुसऱ्याच्या माथी. आई सोबत नसती तर जुनी इमारत घ्या असंच सांगावं लागलं असतं. विहिरीचं पाणी, खिडकीवर पत्रा, बाजार जवळ, आणि वर्षाला ७५,००० हून जास्त शिल्लक. नवराबायको दोघंच असतील तर आजही तेच सांगू. इथे मात्र लिफ्ट काढली तर आई महिनोन् महिने खाली उतरणार नाही, म्हणून संकुल घेणं योग्य ठरलं.

करार

करार ३३ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स, दर वर्षी ५ टक्के वाढ. ‘११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे शांतपणे सांगितलं की बहुधा पुरतं.

मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. भाडं पहिले बारा महिने १८,०००, पुढचे बारा १८,९००, शेवटचे नऊ १९,८४५, मिळून ६,२१,४०५. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते १३,७५०. एकूण ६,३५,१५५ वर शुल्क येतं सुमारे १,६०० रुपये. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, नगरपरिषद हद्दीत १,०००. कुणी ‘करार करून देतो, सहा हजार’ म्हणालं तर त्यात सरकारचे किती आणि त्याचे किती, हे यावरून काढता येतं.

छापील मसुद्यात नसलेल्या चार ओळी आग्रहाने घातल्या. सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात करार मोडायचा नाही, हा दोघांवरही बंधनकारक, पण सलग सात दिवस पाणी नसेल किंवा कळवल्यापासून तीस दिवसांत ओल दुरुस्त झाली नाही तर भाडेकरू एका महिन्याच्या नोटिशीवर सोडू शकेल. ओलीने खराब झालेली भिंत आणि फर्निचर हे भाडेकरूने केलेलं नुकसान धरायचं नाही. डिपॉझिटमधून पैसे बरेचदा याच नावाखाली कापले जातात. एसीची महिनेवार साफसफाई भाडेकरूची, पण बाहेरच्या युनिटची कॉइल खाऱ्या वाऱ्याने गंजून गॅस गेला तर खर्च मालकाचा. आणि भाडेकरू ठेवल्याबद्दल संकुल जे काही शुल्क घेईल ते मालकाचं. सहकारी गृहनिर्माण संस्थेत हे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तसा शासन आदेश २००१ पासून आहे. पण या संकुलात अजून संस्था स्थापन झालेली नव्हती, कारभार बिल्डरकडेच होता, आणि तो ‘शिफ्टिंग चार्ज’ म्हणून २,५०० मागत होता. तो मालकाने भरला.

किल्ल्या घेतानाचं काम तासाभराचं. वीजमीटरचा आकडा आणि आधीच्या बिलाची थकबाकी ग्राहक क्रमांकावरून तपासली. प्रत्येक भिंत, कपाटाच्या पाठी, एसीच्या कॉइल आणि खिडक्यांचे कट्टे यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवले, आणि ‘मिळाले’ एवढं उत्तर मागून घेतलं. बाथरूमच्या दारामागची बुरशीही त्या फोटोंत आली.